तारेवरचा सदरा

सरांकडे पांढरे सदरे पाच होते आणि त्यातला एक नेहमी ओला असे. कामशेतच्या पुढे, वडिवळ्याच्या धरणाच्या अलीकडे, निवृत्तीनंतर त्यांनी जमिनीचा एक तुकडा घेतला होता. तिथल्या कुंपणाच्या तारेवर, रस्त्याने जाणाऱ्याला दिसेल असा तो सदरा वाळत असायचा. सकाळी दहाला धुवायचा, अकराला तारेवर. खालच्या वाडीतली माणसं जाता-येता त्याच्याकडे बघत आणि 'मास्तरांचा झेंडा' म्हणून हसत. सरांना ते नाव आवडायचं नाही. झेंड्याला लोक सलाम करतात, ते म्हणायचे, सदऱ्याकडे संशयाने बघायला पाहिजे.

सर जाऊन आता आठ महिने झाले. त्यांच्याबद्दल लिहायला मी तीनदा बसले आणि तीनदा उठले. तळेगावच्या शाळेत मी ग्रंथपाल होते. दुसऱ्यांनी लिहिलेलं जपून ठेवायचं, एवढंच मला येतं. पण त्या सदऱ्याविषयी एक गोष्ट सांगायची राहिली आहे आणि ती माझ्याशिवाय कोणी सांगणार नाही.

ते आमच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवत. प्रयोगशाळेच्या मोरीत काहीही ओतायचं नाही, हा त्यांचा नियम होता. प्रयोग झाला की उरलेलं द्रावण बाटलीत भरायचं, चिठ्ठीवर आपलं नाव आणि तुकडी लिहायची आणि बाटली फळीवर ठेवायची. "तू केलंस, तू सांभाळ," एवढंच ते म्हणत. वर्षाच्या शेवटी एकेका मुलाला बोलावून ते त्याच्याच हाताने त्याची बाटली निवळून घेत, मगच ते पाणी मोरीत जायचं. मुख्याध्यापक म्हणायचे, फळी मोडेल. एकदा मोडलीही. मोठे झालेले विद्यार्थी लोणावळ्याच्या फलाटावर भेटले की विचारत, "सर, माझी बाटली आहे का अजून?" सर गंभीरपणे आठवून सांगत, "तुझी मी उदासीन केली. तू त्या दिवशी आला नव्हतास." मुलगा हसायचा. सर हसायचे नाहीत.

ग्रंथालयाला त्यांचा त्रास वेगळा होता. पुस्तक परत यायचं ते समासात पेन्सिलीने लिहिलेलं. 'तपासले. खरे.' किंवा, जरा जास्त वेळा, 'तपासले. खोटे.' एका नकाशाच्या पुस्तकात इंद्रायणीपाशी लिहिलं होतं, 'हे वळण चुकले आहे. जाऊन पाहिले.' मी रागावले की खिशातून खोडरबर काढून माझ्यापुढे ठेवत. "खोडा, बाई. पण आधी तपासा." मी काही तपासायला गेले नाही आणि खोडलंही नाही.

या साऱ्याचं मूळ मीच त्यांच्या हातात दिलेल्या एका मासिकात आहे. त्यांच्या निवृत्तीचं वर्ष होतं. समुद्रकाठी मत्स्यशेतीचं घाण पाणी समुद्रशेवाळाच्या वाफ्यांतून सोडतात, असा त्यात लेख होता. माशांची विष्ठा, उरलेलं खाद्य यांचं पाण्यात जे खत होतं, ते शेवाळ खातं आणि पाणी निवळतं. सरांनी तो लेख वाचला, एसटीने कोकणात गेले आणि दोन कॅन खारं पाणी आणि पिशवीभर समुद्रशेवाळ घेऊन परत आले. प्रयोगशाळेत काचेच्या टाकीत त्यांनी ते ठेवलं. चौथ्या दिवशी दोन वर्गांपलीकडे वास जायला लागला. मासिक माझ्याकडे परत आलं तेव्हा समासात लिहिलं होतं: 'तपासले. आपल्याकडे जमत नाही. कारण मीठ.'

मला वाटलं, संपलं. पण त्यांना त्यातली कल्पना सोडवेना. समुद्राचं शेवाळ गोड्या पाण्यात जगत नाही, तर गोड्या पाण्याचं आपल्या ओढ्यात आहेच की. दगडांवरचं, हिरव्या केसांसारखं, ज्याच्यावरून धुणं धुणाऱ्या बायका घसरतात ते. जमीन घेतल्यावर त्यांनी ताडपत्रीच्या चार गोल टाक्या उभ्या केल्या, बोअरच्या पाण्याने भरल्या आणि त्यात चिलापी मासे सोडले. टाक्यांच्या खालच्या उतारावर पत्र्याची लांब, उथळ पन्हळं टाकली. पन्हळांच्या तळाला जुन्या मच्छरदाण्या पसरल्या आणि ओढ्यातलं शेवाळ त्यांवर चोळलं. टाकीच्या तळाचं काळपट पाणी बोटभर जाडीने त्या जाळीवरून उन्हात वाहत जायचं. महिनाभरात पन्हळं हिरवीगार झाली. शेवटच्या पन्हळातून पाणी एका छोट्या हौदात पडायचं, हौदातून ओढ्यात, आणि ओढ्याने खालच्या वाडीच्या डोहात. वाडीच्या बायका त्या डोहावर धुणं धुतात, म्हशी तिथे पाणी पितात, आणि पिण्याच्या पाण्याची विहीर डोहापासून वीस पावलांवर आहे.

सदरा त्या हौदाच्या पाण्यात धुतलेला असायचा. नुसता पाण्यात, साबणाशिवाय. पांढरा राहिला तर पाणी ओढ्यात सोडायचं. पिवळट दिसला तर हौदाची झडप बंद, आणि ते पाणी पुन्हा पहिल्या पन्हळावर चढवायचं. अमोनिया मोजायच्या नळ्या त्यांच्याकडे होत्या, रोजचे आकडेही ते वहीत लिहीत. पण नळी मला कळते, म्हणायचे, वाडीला सदरा कळतो.

टाक्या उभ्या राहात होत्या तेव्हा वाडीतल्या माणसांनी त्यांना देवळापुढे बोलावलं होतं. माशाचं पाणी डोहात येणार, विहीर बाटणार, असं बोलणं झालं. 'बाटणार' हा शब्द कुणीतरी वापरला आणि शेजारच्याने घाईने 'म्हणजे घाण होणार' असं म्हटलं. सर बौद्ध. त्यांच्या आजोबांच्या पिढीने छप्पन्न साली धर्मांतर केलं होतं. सरांनी तो शब्द ऐकला नाही असं दाखवलं आणि सांगितलं की डोह एकदा जरी माझ्यामुळे खराब झाला, तर दुसऱ्या दिवशी टाक्या बंद. सदऱ्याची खूण त्यांनी तिथेच ठरवून दिली. मागून एकाने टोमणा मारला, "आन् मास्तर, सदरा विस्त्रीवाल्याकडनं आनला तर?"

"तर मी मास्तर नव्हतोच असं समजा," सर म्हणाले.

हे मला वहिनींनी सांगितलं. वहिनी म्हणजे सरांच्या पत्नी. सर मोजून बोलत, वहिनी त्यांची भरपाई करत. लग्नात नवऱ्याने आपल्याला पहिली भेट काय दिली तर फिल्टर पेपर, हे त्या प्रत्येक पाहुण्याला सांगत. मासे त्यांना आवडत, शेवाळ आवडत नसे. "म्हातारपनी हिरवी सवत आनून बसवली," म्हणायच्या. "तिची दर बेस्तरवारी दाढी करत्यात. स्वतःची महिना महिना करत न्हाईत."

ही दाढी हाच सगळ्यातला मुख्य भाग होता, आणि तो मला तेव्हा कळला नव्हता. दर गुरुवारी सर प्लास्टिकच्या पट्टीने जाळीवरचं वाढलेलं शेवाळ खरवडून काढत. मुळाशी थोडं ठेवायचं, वरचं सगळं काढायचं. निघालेलं शेवाळ बांधावर पसरून वाळवत. भाताला ते उत्तम खत. पण ते त्यांनी वाडीला कधी पोचवलं नाही. "आमच्या आजोबांनी गावाचं वाहणं सोडलं," ते शांतपणे म्हणायचे, "ज्याला हवं त्यानं वर यावं." वर्षभर कोणी आलं नाही. वाळलेल्या शेवाळाचा ढीग तसाच वाढला. मग एका सकाळी वाडीतली एक मावशी रिकामी पाटी घेऊन चढून आली. नाक पुसत म्हणाली, "मास्तर, तुमचा ताठा ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी, मला रोपासाठी खत द्या." सरांनी तिची पाटी स्वतः भरली. उचलून मात्र तिच्याच डोक्यावर दिली. त्यानंतर बाकीचेही यायला लागले.

मी महिन्यातून एकदा जायची. तळेगावहून लोकलने कामशेत, पुढे जीप. सर मला पन्हळाशेजारच्या दगडावर बसवत आणि स्वतः काम करत राहात. आम्ही फारसं बोलत नसू. एकदाच, न विचारता, त्यांनी त्यांच्या लहानपणचं सांगितलं. त्यांचं घर गावाच्या खालच्या अंगाला होतं. ओढा आधी गावातून जायचा आणि मग त्यांच्या वस्तीत यायचा. वर म्हशी धुतल्या जात, कपडे धुतले जात, भांडी घासली जात. आई ते पाणी पांढऱ्या फडक्यातून गाळायची. सकाळी स्वच्छ असलेलं फडकं संध्याकाळी पिवळं झालेलं असायचं आणि आई ते तारेवर वाळत घालायची.

"मी आयुष्यभर खाली होतो, बाई," ते म्हणाले. "आता पहिल्यांदा वर आहे."

मग त्यांनी पट्टी उचलली आणि उरलेलं पन्हळ खरवडलं.

शिमग्यानंतर त्यांच्या छातीत दुखायला लागलं. पुण्याला नेलं, शस्त्रक्रिया झाली, पाच आठवडे ते तिथेच राहिले. मुलगा त्यांच्याजवळ होता. वहिनी मासे सांभाळायला परत आल्या, पण त्यांचे गुडघे उतारावर चालत नव्हते. सरांनी मला दवाखान्यात बोलावून सांगितलं, पन्हळं तुम्ही बघा. गुरुवारी दाढी, रोज सदरा. मी हो म्हणाले. मला बरं वाटलं, हेही लिहायला हवं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे पुस्तकांशिवाय काही मागितलं नव्हतं.

मी वहिनींकडेच राहायला गेले. जाताना शेवाळावरचं एक पुस्तक घेतलं आणि दोन रात्रीत संपवलं. शेवाळ पाण्यातलं खत खातं, म्हणजे जितकं शेवाळ जास्त तितकं पाणी स्वच्छ, हे मला त्यातून पटलं. पहिल्या गुरुवारी मी पट्टी घेऊन पन्हळाशी गेले. चैत्राचं ऊन होतं, शेवाळ वीतभर लांब झालं होतं आणि पाण्याबरोबर हलत होतं. इतकं सुंदर हिरवं मी जवळून कधी पाहिलं नव्हतं. सर येतील तेव्हा त्यांना हे असंच दाखवावं, असं मनात आलं. मी पट्टी ठेवून दिली.

वहिनी वरून म्हणाल्या, "आवं बाई, त्ये म्हनत्यात खरवडायचं."

मी म्हणाले, "वाढू दे, वहिनी. पुस्तकात आहे."

वहिनींना पुस्तकाचा धाक होता. त्यांचा नवरा पुस्तकं तपासत असे, एवढं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

पुढचे दोन गुरुवारही मी खरवडलं नाही. वर शेवाळ वाढत होतं आणि खालच्या थरांना ऊन मिळत नव्हतं. ते तिथे कुजत होतं. शेवाळाने खाल्लेलं खत शेवाळातच असतं. ते बाहेर काढून नेलं नाही, तर शेवाळ मरताना ते सगळं पाण्याला परत देतं. हे त्याच पुस्तकात पुढे होतं. मी वाचलंही होतं.

सदरा मी रोज धूत होते. तिसऱ्या आठवड्यात तो पिवळट दिसायला लागला. मला वाटलं, जुना आहे, असंख्य वेळा धुतलेला. माझ्या आईने मला शिकवलं होतं की पांढरा कपडा पिवळा पडला तर नीळ घालावी. मी आयुष्यभर माझ्या पांढऱ्या साड्यांना नीळ घालत आले. वहिनींच्या मोरीत निळीची पुडी होती. मी बादलीत चिमूटभर टाकली, सदरा बुडवला, पिळला आणि तारेवर घातला. उन्हात तो लखलखत होता.

मी काय करते आहे हे मला कळत नव्हतं, असं मी इतके महिने स्वतःला सांगते आहे. खरं तर हात बादलीत असताना क्षणभर कळलं होतं. पण सर आजारी असताना त्यांचा सदरा रस्त्यावर पिवळा दिसू नये, असं वाटलं. झडप मी बंद केली नाही. सात दिवस तो निळीचा सदरा तारेवर होता आणि सात दिवस पाणी ओढ्यात जात होतं. उन्हाळ्यात त्या ओढ्याला आमच्याशिवाय दुसरं पाणी जवळपास नसतंच.

आठव्या दिवशी सकाळी मावशी वर आली. पाटी नव्हती. ती आधी रस्त्यावरच थांबली, तारेवरच्या सदऱ्याची कॉलर दोन बोटांत धरून बघत राहिली. मग माझ्याकडे आली. डोहावर तवंग आलाय, म्हणाली, मासळी उलटी पडलीये, म्हशी तोंड लावत नाहीत, विहिरीच्या पाण्याला वास येतोय.

"सदरा तर पांढरा दिसतोय, बाई," ती म्हणाली.

मी हौदाकडे वळले. ती परत गेली. मी झडप बंद केली, पण तोवर पन्हळातलं शेवाळ गोळ्यागोळ्यांनी सुटून हौदात आणि ओढ्यात गेलं होतं. वाडीला पंधरा दिवस टँकर आणावा लागला.

सर चार दिवसांनी घरी आले. गाडीतून उतरल्यावर ते आधी हौदाशी गेले, पाणी हुंगलं, मग मोरीत गेले. निळीची पुडी कोनाड्यात तशीच होती. ती हातात घेऊन बाहेर आले आणि माझ्यासमोर ओट्यावर बसले. मी सगळं सांगितलं. त्यांनी मधे थांबवलं नाही.

"निळा रंग झेंड्याला शोभतो, बाई," शेवटी ते म्हणाले. "सदऱ्याला नको."

त्या संध्याकाळी ते काठी टेकत वाडीत गेले. मी बरोबर येते म्हटलं तर नको म्हणाले. देवळापुढे त्यांनी काय सांगितलं ते मला नंतर कळलं. 'चूक माझी आहे' आणि 'उद्यापासून टाक्या बंद', एवढी दोनच वाक्यं. वाडीतल्यांनीच आग्रह केला, म्हणे. आजारपण होतं, मास्तर, एकडाव माफ. सरांनी नकारार्थी मान हलवली आणि ते परत आले. मी त्यांच्या पाया पडायचीच बाकी होते. चूक तुमची नव्हती, पाणी मी सोडलं, हे मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं.

"पाणी माझंच होतं," ते म्हणाले, आणि विषय संपला.

आठवडाभरात मासे गेले, ताडपत्र्या उतरल्या. मग त्यांनी एक गोष्ट केली जिच्यावरून वहिनी त्यांच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. डोहात साचलेलं कुजकं शेवाळ वाडीची माणसं काढत होती. सर घमेलं घेऊन तिथे गेले. डॉक्टरांनी वजन उचलू नका सांगितलं होतं. त्यांनी अर्धं घमेलं भरलं, डोक्यावर घेतलं आणि चढ चढून आपल्या बांधावर आणून टाकलं. कोणी हात लावू लागला तर लावू दिला नाही. अशा पाच खेपा केल्या. मी बांधावर उभी होते. मला ते फळीवरच्या बाटल्यांसारखं दिसलं, चिठ्ठीवर फक्त नाव दुसऱ्याचं होतं.

श्रावणात ते गेले. त्या खेपांचा आणि जाण्याचा संबंध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी ते तपासलेलं नाही.

गेल्या आठवड्यात वहिनींना भेटायला गेले होते. पन्हळं गंजली आहेत. कुंपणाच्या तारेवर मात्र एक सदरा होता. वहिनी नळाच्या पाण्यात धुतात. तार रिकामी बघवत नाही, म्हणाल्या. निघताना मी उतार उतरून डोहावर गेले. डोह आटला होता. मधोमध थोडा चिखल, त्यावर जनावरांचे खूर उमटलेले. मावशी काठावरच्या दगडावर बसली होती. मला बघून तिने पदराने शेजारचा दगड पुसला.

"मास्तरांचं पानी हुतं तवर म्हशी बसायच्या हितं," ती म्हणाली. "आता बगा."

मग मी सांगितलं. गेलं वर्षभर तोंडाशी येऊन परत जात होतं ते. शेवाळ मी वाढू दिलं, नीळ मी घातली, सरांनी माझी चूक स्वतःवर घेतली. बोलताना मी तिच्याकडे बघत नव्हते, चिखलाकडे बघत होते.

मावशीने पदर नीट केला. मग म्हणाली, "ठावं हाय की."

मी वर बघितलं.

"कालरीच्या शिवनीत निळं ठिपकं बसल्यालं. नीळ इरगळली न्हवती नीट." तिने माझ्याकडे धुणं शिकवणाऱ्या बाईच्या नजरेने पाहिलं. "येवडी शिकल्याली बाई, आन् नीळ घालाया येत न्हाई."

"मग तुम्ही वाडीत सांगितलं का नाही?"

"सांगनार हुते. मास्तर यायची वाट बगत हुते. आलं त्याच सांजेला म्हनलं, चूक माजी." ती उठली, गुडघ्यावर हात ठेवून सरळ झाली. "त्यांनी झाकल्यालं आमी कशाला उगडायचं?"

आम्ही दोघी चढ चढून रस्त्यावर आलो. कुंपणापाशी ती थांबली. सवयीने हात वर करून तिने सदऱ्याची कॉलर दोन बोटांत धरली, उलटी केली, शिवणीतून नख फिरवलं. सदरा चांगलाच पिवळा पडला होता.

"ह्यात न्हाई," ती म्हणाली, आणि कॉलर नीट करून वाडीकडे उतरून गेली.